गोपाळ गणेश आगरकर : स्वकीयांवर रोखलेला उपहास

मराठी निबंधाचा विचार करताना आपली सुरुवात बहुधा विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांची ‘निबंधमाला’ यांपासून होते. विष्णुशास्त्र्यांनी मराठी गद्याला जी शस्त्रे मिळवून दिली त्यांत उपहास हे सर्वांत धारदार होते. त्यांनी ते मिशनऱ्यांवर चालवले, इंग्रजी राज्याच्या स्तुतिपाठकांवर चालवले आणि लोकहितवादी व जोतीराव फुले यांच्यावरही चालवले. वाचक खूश होता. आपल्या समाजाची टवाळी करणाऱ्यांची टवाळी होत आहे, याचा आनंद त्याला मिळत होता. त्याच कारखान्यात तयार झालेले, तशाच धारेचे शस्त्र दहा वर्षांच्या आत एका शिष्याने उलट दिशेला वळवले. ते आपल्याच समाजाच्या पुढाऱ्यांवर, आपल्याच गावच्या सनातनी मंडळींवर आणि स्वतः ज्याचे संपादन केले होते त्या वर्तमानपत्रावरही रोखले. हा शिष्य म्हणजे गोपाळ गणेश आगरकर. त्यांचे चरित्र वाचताना एक प्रश्न आपण सतत मनात ठेवावा. परक्याची थट्टा करणाऱ्या लेखकाला टाळ्या मिळतात. घरच्यांची थट्टा करणाऱ्याला काय मिळते?

बालपण आणि शिक्षण

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळ कृष्णाकाठच्या टेंभू या गावी झाला. घरची गरिबी साधी नव्हती. शिकावे तर खाण्याची भ्रांत आणि खायचे तर शिकण्यावर पाणी सोडायचे, अशी ती गरिबी होती. कऱ्हाडला आजोळी राहून प्राथमिक शिक्षण झाले. पुढे कधी कचेरीत उमेदवारी, कधी रत्नागिरीस नातलगांच्या आश्रयाने शाळा, कधी पुन्हा कऱ्हाडला येऊन दवाखान्यात कंपाउंडरचे काम, असे अडखळत शिक्षण चालले. अखेरीस अकोल्याच्या आप्तांकडे राहून १८७५ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. तेथे मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांचा त्यांना मोठा आधार मिळाला. ‘वऱ्हाडसमाचार’ या पत्रात लिहून चार पैसे मिळवण्याची सवयही तेथेच लागली. वर्तमानपत्राशी त्यांचा पहिला संबंध असा पोटाच्या निमित्ताने आला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच अंगात चढवायचा, ही गोष्ट महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे पाठ्यपुस्तकी सुभाषित झाले आहे. तिच्यापेक्षा अधिक बोलकी गोष्ट आहे ती त्यांनी आईला लिहिलेल्या पत्राची. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी मिळेल आणि आपले पांग फिटतील असे आईला वाटणे स्वाभाविक होते. आगरकरांनी तिला आधीच कळवून टाकले की तसे काही होणार नाही; पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवायचा आपला विचार आहे. एम. ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीचे दार सताड उघडे असण्याचा तो काळ होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पत्राचे वजन कळते. याच काळात मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या मनाची घडण केली. कोणतेही विधान, मग ते ऋषींचे असो की गव्हर्नराचे, बुद्धीच्या कसोटीवर घासल्यावाचून मान्य करायचे नाही, हा त्यांचा पुढील सर्व लेखनाचा पाया तेथे घातला गेला. बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जडली तीही डेक्कन कॉलेजातच.

‘केसरी’ आणि डोंगरीचा तुरुंग

१८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही दोन साप्ताहिके. इंग्रजी ‘मराठा’ टिळकांकडे आणि मराठी ‘केसरी’ आगरकरांकडे, अशी वाटणी झाली. ‘केसरी’चे पहिले संपादक टिळक नव्हेत, आगरकर होते, ही गोष्ट आज पुष्कळांना नवी वाटते.

वर्षभरातच दोन्ही पत्रे कोल्हापूर प्रकरणात सापडली. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ होत आहे, अशी वदंता होती आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडे बोट दाखवले जात होते. बर्व्यांची म्हणून काही पत्रे हाती आली, त्यांच्या आधारावर दोन्ही साप्ताहिकांनी दिवाणांवर झोड उठवली आणि बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली तरी १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. त्या प्रसंगी जामिनाची रक्कम उभी करण्यास रामशेठ बापूशेठ उरवणे पुढे आले ते जोतीराव फुले यांच्या खटपटीने. ज्या जोतीरावांची विष्णुशास्त्र्यांनी यथेच्छ टिंगल केली होती, त्यांनीच विष्णुशास्त्र्यांच्या शिष्यांसाठी धावून यावे, याची नोंद अभ्यासकाने अवश्य घ्यावी.

मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी सुटका झाली. त्या दिवसांवर आगरकरांनी लिहिलेले ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक मराठीतील तुरुंगकथनांत आरंभीचे आणि अजूनही वाचनीय आहे. त्यात हौतात्म्याचा आव नाही. पंचविशी नुकतीच ओलांडलेले दोन पदवीधर एका खोलीत कोंडले गेल्यावर रात्री-अपरात्री कसे वाद घालत बसतात, याचे हसतखेळत केलेले वर्णन आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे त्यांचे भाषांतरही याच सुमारास सिद्ध झाले; १८८३ साली ते प्रसिद्ध झाले. मात्र या प्रकरणातून एक धडा निघत होता. ज्या बातमीवर लोकांचा विश्वास बसायला उत्सुक असतो ती बातमी संपादकाने अधिक कठोरपणे तपासली पाहिजे. पुढे आगरकरांनी लोकप्रिय समजुतींविषयी जो संशय अंगी बाणवला, त्याच्या मुळाशी मिल-स्पेन्सरइतकाच डोंगरीचाही वाटा असावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एका कार्यालयात दोन सूर

१८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीची टिपणे प्रसिद्ध केली आणि देशभर वाद पेटला. कायद्याने या रूढींना आळा घालावा काय, हा प्रश्न होता. त्याच सुमारास रखमाबाईंचा खटला उभा राहिला. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला होता. १८८७ साली न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल दिला. आगरकर रखमाबाईंच्या बाजूचे होते. टिळक विरुद्ध बाजूचे. शाळा एक, कॉलेज एक, छापखाना एक आणि मते दोन, अशी ओढाताण किती दिवस चालणार? १८८७ च्या ऑक्टोबरात आगरकरांनी ‘केसरी’ सोडला.

येथे टिळकांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. नाहीतर आगरकरांच्या उपहासाचे मोलही कळणार नाही. परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करून शिरू नये, समाजसुधारणा लोकशिक्षणाने व्हावी, आणि राजकीय लढ्यासाठी लागणारी एकी सामाजिक प्रश्नांवरून फोडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. परंतु त्या युक्तिवादाच्या आडोशाला ज्यांना काहीच बदलायचे नव्हते असे पुष्कळ लोक येऊन उभे राहिले, आणि ‘केसरी’ने त्यांना आडोसा नाकारला नाही. आगरकरांच्या रागाचे खरे कारण हे होते.

‘सुधारक’

१५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ हे साप्ताहिक निघाले. मराठी मजकूर आगरकरांचा. इंग्रजी बाजू सांभाळायला बावीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले. नावातच आव्हान होते. तेव्हाच्या पुण्यात सुधारक हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. बाटगा, साहेबाळलेला, बायकांच्या आहारी गेलेला अशा अनेक छटा त्यात एकवटल्या होत्या. आगरकरांनी ती शिवीच मथळ्यावर छापली.

पत्र काढण्याचा हेतू सांगताना त्यांनी आपल्या समव्यवसायी बांधवांचेही वाभाडे काढले. संपादक हा लोकमताचा पुढारी असला पाहिजे. पण वर्गणीदार तुटेल या भीतीने तो लोकमताचा हुजऱ्या होतो. खासगीत बालविवाहाला नावे ठेवतो आणि अग्रलेखात धर्म बुडाल्याची हाकाटी करतो. मनात एक आणि छापण्यात दुसरे, या दुटप्पीपणावर आगरकरांचा जितका रोख आहे तितका निव्वळ अज्ञानावर नाही. शेंडीला गाठ मारून शास्त्र सांगणारा भटजी त्यांच्या लेखी क्षम्य होता. पदवी घेऊन, मिल वाचून, पुन्हा त्या भटजीच्या मागे उभा राहणारा पुढारी क्षम्य नव्हता. आणि सभेत टाळ्या घेऊन घरी आल्यावर मुकाट्याने रूढी पाळणारे बोलके सुधारकही त्यांच्या तावडीतून सुटले नाहीत.

आता त्यांच्या उपहासाची घडण कशी आहे ते पाहू. त्यांची आवडती रीत अशी की प्रतिपक्षाचे म्हणणे क्षणभर मान्य करायचे आणि मग त्याचे बोट धरून त्याला त्याच्याच वाटेने शेवटपर्यंत चालवत न्यायचे. नवरा मेल्यावर बायकोने केस काढणे हे धर्माचे आणि शुद्धतेचे लक्षण ना? मग बायको मेल्यावर नवऱ्याने काय काढायचे? शास्त्र अपरिवर्तनीय ना? मग शास्त्राने न सांगितलेल्या ज्या शेकडो सोयी आपण निमूटपणे पत्करल्या, त्यांच्या वेळी धर्म कोठे गेला होता? प्रश्न साधे असतात, पण ते एकामागून एक येतात आणि उत्तर देणाऱ्याला श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. दुसरी रीत खोट्या आदराची. सनातनी मंडळींना ते इतक्या जड संस्कृत विशेषणांनी गौरवतात की त्या ओझ्याखाली सत्कारमूर्ती वाकून जाते. तिसरी रीत तपशिलाची. पोषाखावर लिहिताना धोतर, पागोटे, उपरणे यांची ते अशी उलटतपासणी घेतात की रोज आरशात दिसणारे रूप वाचकाला अचानक हास्यास्पद वाटू लागते. प्रेतसंस्कारांवर लिहितानाही हीच नजर आहे. ज्या विधींकडे माणसे भीतीने पाहतात त्यांच्याकडे ते नवख्या पाहुण्याच्या कुतूहलाने पाहतात.

विष्णुशास्त्र्यांशी तुलना केली तर एक भेद ठळक दिसतो. विष्णुशास्त्री प्रतिपक्षाला हसतात तेव्हा वाचक त्यांच्या शेजारी उभा असतो. आगरकर हसतात तेव्हा वाचक समोर उभा असतो, कारण धोतर त्याचे आहे, विधवा बहीण त्याची आहे आणि आठ वर्षांची लेकही त्याचीच आहे. म्हणून आगरकरांच्या लेखात उपहास फार वेळ टिकत नाही. केशवपनावर किंवा बालविधवांवर लिहिता लिहिता थट्टेचा सूर एकाएकी तुटतो आणि लांबच लांब, संतापाने धापा टाकणारी वाक्ये सुरू होतात. काही टीकाकार याला शैलीचा दोष मानतात. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. लेखकाला हसणे अशक्य होते ती जागा वाचकाला दिसणे हाच त्या लेखनाचा परिणाम आहे. आपण ‘निबंधसंग्रहा’तील कोणताही सामाजिक निबंध घेऊन हा सूर नेमका कोठे बदलतो तेथे पेन्सिलीने खूण करून पाहावी.

त्यांच्या मर्यादाही आहेत. ज्या जगावर ते लिहीत होते ते मुख्यतः पुण्या-मुंबईच्या पांढरपेशांचे जग होते. शेतकरी, कारागीर, अस्पृश्य यांचे प्रश्न त्यांना बुद्धीने कळत होते; पण जोतीरावांच्या लेखनात ते जसे आतून येतात तसे आगरकरांत येत नाहीत. शिवाय पुढे ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांचा वाद व्यक्तिगत पातळीवर उतरला आणि त्यात दोन्ही बाजूंनी लिहू नये ते लिहिले गेले. एका शाळेच्या पायाचे दगड एकमेकांवर फेकले जात आहेत हे पाहून मित्रांना वाईट वाटे.

संमतिवयाचे वादळ

१८९० हे वर्ष पुण्यात फार गरम गेले. ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’ या सनातनी पत्रातून उपस्थितांची नावे फोडली. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, गोखले होते आणि टिळकही होते. कपभर चहावरून ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. वर्तमानपत्राच्या एका रकान्यात छापलेली नावांची यादी केवढा गोंधळ माजवू शकते, याचा हा नमुना होता. वर्षाच्या अखेरीस टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले.

लगेच १८९१ च्या जानेवारीत संमतिवयाचे विधेयक आले. पतिपत्नीसंबंधासाठी मुलीचे किमान वय दहावरून बारा करावे, एवढीच त्यातील मागणी होती. बारा! आजच्या वाचकाला हा आकडाच अंगावर काटा आणतो. पण तेव्हा त्यासाठी धर्म बुडाल्याच्या आरोळ्या उठल्या, सभा भरल्या, आणि सुधारकांची क्रीडाभुवनातील सभा उधळून लावली गेली. ‘केसरी’ विधेयकाच्या विरोधात आघाडीवर होता. ‘सुधारक’ एकटा पडल्यासारखा झाला, तरी मागे हटला नाही. १९ मार्च १८९१ रोजी विधेयक मंजूर झाले. कायदा झाला म्हणून आगरकर जिंकले असे मात्र म्हणता येत नाही, कारण गावातील लोकमत विरोधकांनी जिंकले होते.

आगरकरांची किंमत याच लोकमताने वसूल केली. त्यांच्याविरुद्ध गावात निंदेची मोहीम चालली, आणि ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढून ती त्यांच्या दारावरून नेण्यात आली. प्रेतसंस्कारांवर उपहासाने लिहिणाऱ्या माणसाला विरोधकांनी असे उत्तर दिले. घरात पत्नी यशोदाबाई होत्या, मुले होती. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या व्रतवैकल्यांना, देवपूजेला अज्ञेयवादी आगरकरांनी कधी आडकाठी केली नाही. यावरून त्यांना दुटप्पी ठरवण्याचा प्रयत्न त्या काळी झाला आणि पुढेही झाला. पण स्त्रीच्या मनावर नवऱ्याची सक्ती नको असे लिहिणाऱ्याने आपल्या बायकोवर नास्तिकतेची सक्ती केली असती, तर दुटप्पीपणा झाला असता तो तेव्हा.

अखेरची वर्षे

वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. कॉलेजचा कारभार, इतिहास आणि तर्कशास्त्राची व्याख्याने, आणि दर आठवड्याला ‘सुधारका’चा मजकूर, असा त्यांचा दिनक्रम होता. दम्याने शरीर आधीच पोखरले होते. वाक्यरचनेचे शास्त्र मांडणारा ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण’ हा ग्रंथ त्यांनी १८८८ सालीच लिहिला होता. मराठी वाक्याकडे त्यांनी वैयाकरणाच्या नजरेने पाहिले होते, हे त्यांचे निबंध वाचताना विसरू नये. भाषेवर आणखी काम करण्यास त्यांना सवड मिळाली नाही. पगार बेताचा, औषधांचा खर्च वाढता आणि वर साप्ताहिकाचा व्याप.

१७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मृत्यूनंतर त्यांच्या सामानात एक पुडी सापडली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. तीत थोडे रुपये होते आणि ते आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी आहेत अशी चिठ्ठी होती. आपल्या मरणाचा भार कोणावर पडू नये अशी त्यांनी व्यवस्था करून ठेवली होती.

‘केसरी’त त्यांच्यावर मृत्युलेख आला. तो टिळकांनी लिहिला. एरवी झरझर चालणारी त्यांची लेखणी त्या दिवशी पुन्हा पुन्हा अडत होती आणि लेख पुरा व्हायला कित्येक तास लागले, अशी आठवण त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगितली आहे. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. काँग्रेसच्या मंडपात सामाजिक परिषद भरवू द्यावी की नाही, यावरून गावात पुन्हा तसेच रण माजले आणि परिषदेला मंडप मिळाला नाही. ‘सुधारक’ तेव्हाही निघतच होता. त्यात अग्रलेख लिहायला आगरकर तेवढे नव्हते.